एरंडोलच्या कागदाची कुळी

अंजनीकाठच्या एरंडोलचे नाव आज पांडववाड्यामुळे आणि जवळच्या पद्मालयाच्या गणपतीमुळे घेतले जात असले, तरी 1908 च्या इंपीरियल गॅझेटियरात हा कसबा जाड्याभरड्या देशी कागदाबद्दल पूर्वी नामांकित असल्याचे सांगून, तो धंदा अद्याप थोडाफार तग धरून असल्याची नोंद केलेली आहे. ‘कागद’ हा शब्द फारसीतून आला आणि तो करणारे कारागीर ‘कागदी’ म्हणवले गेले. परंतु मला शब्दाच्या कुळाहून त्या कागदाच्या बळाचे कूळ अधिक मोलाचे वाटते.

देशी रीतीत कच्चा जिन्नस म्हणजे जुने दोर आणि फाटके गोणपाट. ते चुन्याच्या पाण्यात मुरवायचे, पायाने चालणाऱ्या ढेंकीखाली कुटायचे, वाहत्या पाण्यात धुवायचे, आणि लगदा मनासारखा होईपर्यंत हाच क्रम पुन्हा चालवायचा. वनस्पतीचा तंतू हा मुख्यतः सेल्युलोजचा, म्हणजे ग्लुकोजच्या कड्या गुंफून झालेल्या दीर्घ साखळ्यांचा. कुटल्याने त्याची साल उलून बारीक कुसे सुटतात, आणि पाणी आटताना ती एकमेकांकडे ओढली जाऊन हायड्रोजनच्या बंधांनी अशी जखडतात की तावाला डिंकावाचून बळकटी येते. कुटाई कमी पडली तर ताव भुसभुशीत राहतो. अति झाली तर तंतूच आखूड होतात, आणि वरून घट्ट दिसणारा ताव कडेला जरा चीर पडताच सरळ फाटत जातो. यंत्राच्या मापाविना ही सीमा ओळखणारा हात मला थोर वाटतो.

हौदातून गवती काड्यांचा साचा उचलताना तो हलवीत, म्हणून तंतू चहूदिशांना पसरत. यंत्राच्या कागदात ते बहुतांशी प्रवाहाच्या दिशेने निजतात, आणि तो एकीकडून सहज फाटतो. दाबून पाणी काढलेला ओला ताव गिलावा केलेल्या भिंतीवर कुंचल्याने चिकटवीत. आकसू पाहणाऱ्या तावाला भिंत आकसू देत नसे, त्यामुळे तो ताठ व सपाट वाळे. मग खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटला, की बोरूची शाई त्यावर फुटत नसे.

पुढे गिरणीच्या कागदात राळ आणि तुरटी आली. तुरटीच्या आम्लाने सेल्युलोजच्या साखळ्या हळूहळू तुटतात, आणि असा कागद पिवळा पडून घडीवर मोडतो. चुन्यात मुरलेल्या देशी कागदावरची मोडी दफ्तरे मात्र रुमालातून सोडली, तर दोन-दोनशे वर्षांनंतरही घडी उलगडू देतात.