पाना, पॉलिश पेपर आणि फियाट

मंडळी, घरच्या घरी मोटारीची देखभाल हा काय इतिहासाचा विषय झाला, असे कोणी म्हणेल. पण आपल्याकडचा गाडीमालक हाताला ग्रीस का लावून घेत असे आणि पुढे त्याने ते का सोडले, याला चक्क सनावळ्या आहेत. जन्मभर पोरांना सनावळ्या पाठ करायला लावल्या, ती खोड आता कुठे जाणार?

सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात १९४७ पासून गाड्या जोडल्या जाऊ लागल्या, त्या अमेरिकन क्रायस्लरच्या भागांच्या. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला आणि ११०० जातीची फियाट मराठी मध्यमवर्गाच्या स्वप्नात शिरली. स्वप्नातच म्हणायचे, कारण परवान्यांच्या त्या काळात नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. अशी मिळालेली गाडी कोणी सहजासहजी विकत नसे आणि जुनी मिळाली तरी लोक धन्य होत. घरातली देखभाल जन्मली ती या टंचाईतून. हौस नंतर आली.

आमच्या थोरल्या बंधूने, दादाने, १९७९ साली १९६८ची फियाट घेतली, तिसऱ्या हाताची. गिअर स्टिअरिंगच्याच दांड्याला. रविवारी सकाळी चेंबूरच्या चाळीसमोर बॉनेट उघडले, की आजूबाजूची चार डोकी आत वाकलेली असायची. वहिनी जुन्या बनियनची फडकी धुऊन वाळवून ठेवत. माझ्याकडे कंदील धरायचे काम. त्यातून जे पाहिले ते सांगतो.

पहिला मान प्लगचा. प्लग काढला, की दादा त्याचे टोक उजेडात धरून रंग बघे. फिकट तपकिरी असेल तर तब्येत ठणठणीत. काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे, आणि पांढराफटक असेल तर इंजिन नको तितके तापते आहे. शाळेतल्या लिटमसच्या कागदासारखीच ही परीक्षा! मग पॉलिश पेपरने घासायचे आणि फट मोजायची. मापकपट्टी नसल्यामुळे दादा हॅक्सॉचे पाते घालून बघे. त्या काळच्या पेट्रोलमध्ये शिसे असायचे, त्याचा थर प्लगवर बसायचा, म्हणूनही हे वरचेवर करावे लागे.

त्याहून नाजूक काम डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचे. धातूची दोन चिमुकली टोके उघडझाप करत, त्यातून प्रत्येक ठिणगीची वेळ ठरे. टोकांना खळगे पडले, फट अर्ध्या मिलिमीटरच्याही आतच पण जराशी कमीजास्त झाली, की गाडी खोकायला लागायची. बाकी बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर, टर्मिनलवरचा हिरवट-पांढरा क्षार गरम पाण्याने धुऊन वर व्हॅसलीनचे बोट, फॅन बेल्ट अंगठ्याने दाबून बघणे, ही किरकोळ कामे.

खरी परीक्षा बोरघाटात. दादा पुण्याला निघाला, की पनवेल ओलांडून खोपोलीला थांबून रेडिएटरचे पाणी बघायचाच. त्या गाडीचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरे. चढणीला पहिल्या गिअरमध्ये इंजिनावर ताण भरपूर, पण गाडी हळू, त्यामुळे समोरून वारा नाही. पाणी उकळायचेच. घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांची रांग आमच्या पिढीने पाहिली आहे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण घाईने उघडून वाफेने हात भाजून घेतलेलेही पाहिले. कधी पेट्रोलच नळीत तापून त्याचे बुडबुडे होत आणि पंप नुसता हवा ओढी. त्यावर इलाज म्हणजे पंपावर ओले फडके! नवख्याला हा जादूटोणा वाटे, पण त्यामागे शुद्ध भौतिकशास्त्र आहे.

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० मालकाच्या हाती गेली आणि गाडी रोज सुरू होते, ही कल्पना लोकांना पटू लागली. तरी कार्बोरेटर होताच. पाना खरा खाली ठेवायला लावला तो धुराच्या नियमांनी. १ फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले, त्याच एप्रिलपासून धुराचे कडक निकष आले. कार्बोरेटर गेला, पॉइंट गेले, पेट्रोल किती सोडायचे ते संगणक ठरवू लागला. एप्रिल २०२० च्या बीएस-६ नंतर तर बॉनेटखाली नुसते प्लास्टिकचे आवरणच दिसते. हे वाईट झाले असे मी मुळीच म्हणणार नाही. हवा किती स्वच्छ झाली हा वाद असेल, पण दादाचे अर्धे रविवार त्या पॉइंटांनी खाल्ले. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला निवृत्त झाली, तेव्हा हळहळणाऱ्यांतले किती जण ती घाटात ढकलायला उतरले असते?

मला खुपते ते वेगळेच. संगणकाने जे घेतले नाही तेही आपण सोडून दिले. इथे करंजाड्यात आमच्या इमारतीखालच्या निम्म्या गाड्या शनिवारी पुण्याकडे सुटतात. कळंबोलीला द्रुतगती महामार्ग लागला, की पुढे चौऱ्याण्णव किलोमीटर, बराचसा काँक्रीटचा. त्यावर वेगात टायर फुटून झालेले अपघात पेपरात वाचतो, आणि खाली उतरून बघतो तर कोणाच्या टायरात हवा बसलेली, कोणाचा टायर गुळगुळीत.

पुण्याची भाचेमंडळी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी. हवा टायर थंड असताना बघायची. किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेले असते. खाचांची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली, की कायद्यानेही टायर बाद. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. जुनी गाडी घेताना किलोमीटरच्या आकड्याआधी हा आकडा वाचा. ऑइलची पट्टी सपाट जागी, इंजिन बंद करून थोड्या वेळाने. कूलंट बाटलीवरच्या दोन खुणांच्या मध्ये. पाच मिनिटांचे काम आहे आणि कपडे खराब होत नाहीत.

आणि हो, स्टेपनी. हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसेच. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथल्या एका दुकानाने ते विकायला काढले. इंग्रज तो शब्द विसरले, आपण सांभाळला. आता वस्तूच चालली आहे. २०२० साली केंद्र सरकारने नियम बदलला: ट्यूबलेस टायर, हवा कमी झाल्याचे सांगणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असेल तर लहान गाड्यांना जादा चाक नसले तरी चालते. आमच्या धाकट्याच्या नव्या गाडीत डिकी उघडली तर स्टेपनीच्या जागी छोटा पंप आणि चिकट द्रावाची बाटली. टायरच्या तळव्यातले खिळ्याएवढे भोक त्याने बुजते, कड चिरली तर नाही. मी त्याला पंप एकदा लावून दाखव म्हटले. त्याने वेष्टनही फोडले नव्हते. फोडले, वायर जोडली आणि दोघांनी पार्किंगमध्ये उकिडवे बसून चारही टायरांत हवा भरली.