सीग्रुप : संगणकाच्या गाभ्यातील वाटणीचा हिशेब

एकाच संगणकावर एका वेळी शेकडो कामे चालू असतात. त्यांपैकी एखादे बेफाम झाले आणि सारी शक्ती त्यानेच ओढून घेतली, तर बाकीच्यांनी काय करायचे? एकाच यंत्रावर अनेकांची कामे चालू लागली तेव्हापासून हा प्रश्न संगणकतज्ज्ञांसमोर आहे. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमने त्याला दिलेले उत्तर ‘कंट्रोल ग्रुप’, संक्षेपाने ‘सीग्रुप’, या नावाने ओळखले जाते. जानेवारी २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्स कर्नलच्या २.६.२४ या आवृत्तीत ही सोय प्रथम दाखल झाली. इंटरनेटवरील असंख्य सेवा आज ज्या ‘कंटेनर’ पद्धतीने चालवल्या जातात तिचा ती एक पाया आहे, आणि अँड्रॉइड फोनमध्येही ती कार्यरत असते. वापरणाऱ्याच्या नजरेस मात्र ती सहसा पडत नाही.

कर्नल आणि प्रोसेस

ऑपरेटिंग सिस्टिमचा जो गाभा यंत्राशी थेट बोलतो त्याला कर्नल म्हणतात. चालू स्थितीतील प्रत्येक प्रोग्रॅम कर्नलच्या दृष्टीने एक किंवा अधिक ‘प्रोसेस’ असतो. संगणकाची साधने मोजकी असतात : प्रोसेसरचा वेळ, मेमरी, डिस्कवर वाचण्या-लिहिण्याची क्षमता. या साधनांची वाटणी करणे हे कर्नलचे मुख्य काम. प्रोसेसरच्या वेळेचे अतिशय लहान तुकडे करून ते आळीपाळीने प्रोसेसना देणाऱ्या कर्नलच्या भागाला शेड्यूलर म्हणतात. हे तुकडे काही मिलिसेकंदांचे असल्याने सारी कामे एकाच वेळी चालली आहेत असे आपल्याला वाटते.

जुनी व्यवस्था कोठे अपुरी पडली?

वाटणीवर नियंत्रण ठेवण्याची साधने युनिक्समध्ये आधीपासून होती. ‘नाइस’ या आज्ञेने एखाद्या प्रोसेसचा अग्रक्रम कमी-अधिक करता येतो. लिनक्सवर हा आकडा उणे २० पासून १९ पर्यंत असतो. एका प्रोसेसने किती मेमरी घ्यावी, किती फायली उघडाव्यात यावरही मर्यादा घालता येते. परंतु या साधनांपैकी बहुतेकांचा हिशेब एकेका प्रोसेसपुरता असतो, आणि त्यांची अडचण तेथेच आहे.

एका यंत्रावर दोन जण काम करीत आहेत असे समजा. एकाची एकच प्रोसेस चालू आहे, दुसऱ्याच्या नऊ. यंत्रात एकच प्रोसेसर असेल आणि सर्वांचा अग्रक्रम सारखा असेल, तर शेड्यूलर दहाही प्रोसेसना समान वेळ देईल. म्हणजे पहिल्याला १० टक्के आणि दुसऱ्याला ९० टक्के. गृहनिर्माण संस्थेच्या टाकीतील पाणी प्रत्येक नळाला सारखे द्यायचे ठरवले, तर जो जास्त नळ बसवील त्याच्या घरी जास्त पाणी जाईल. नियम कोणीही मोडलेला नसतो, तरीही वाटणी चुकलेली असते. पाणी घरटी मोजायला हवे होते, ते नळावार मोजले गेले, एवढाच दोष.

मेमरीचेही तसेच. प्रत्येक प्रोसेसला एक गिगाबाइटची मर्यादा घातली आणि तिने आपल्यासारख्या आणखी दहा प्रोसेस निर्माण केल्या, तर प्रत्येकीला तिची स्वतंत्र मर्यादा मिळते आणि मूळ मर्यादेला अर्थ उरत नाही. तेव्हा वाटणी न्याय्य करायची तर आधी हक्कदार कोण हे ठरवावे लागते. सीग्रुपने हक्कदाराचे स्थान एकट्या प्रोसेसकडून प्रोसेसच्या गटाकडे दिले.

गुगलमधील सुरुवात

या कामाला २००६ मध्ये गुगलमध्ये पॉल मेनेज आणि रोहित सेठ या अभियंत्यांनी आरंभ केला. गुगलच्या माहिती-केंद्रांतील यंत्रांवर दोन प्रकारची कामे चालत. क्षणार्धात उत्तर द्यावे लागणारी सेवा हा एक प्रकार; सावकाश झाले तरी चालेल असे प्रचंड हिशेब हा दुसरा. दोहोंसाठी वेगळी यंत्रे ठेवली तर बरीच शक्ती पडून राहते. एकत्र ठेवली तर दुसरे काम पहिल्याला अडवते. एकाच यंत्रावर दोन्ही कामे सुखाने नांदावीत, यासाठी गटांची गरज भासली. ‘सीपीयूसेट’ ही ठरावीक प्रोसेसना ठरावीक प्रोसेसर नेमून देणारी सोय लिनक्समध्ये २००५ पासून होती. तिचाच विस्तार करून नवी रचना उभी राहिली.

आरंभी तिचे नाव ‘प्रोसेस कंटेनर’ असे होते. कंटेनर हा शब्द कर्नलमध्ये अन्य अर्थांनीही वापरला जात असल्याने २००७ च्या उत्तरार्धात ‘कंट्रोल ग्रुप’ हे नाव स्वीकारण्यात आले. या कामात भारतातील अभियंत्यांचाही मोलाचा वाटा आहे. आयबीएमच्या भारतातील लिनक्स तंत्रज्ञांपैकी श्रीवत्स वद्दगिरी यांनी प्रोसेसरच्या वेळेची गटवार वाटणी करणाऱ्या शेड्यूलरवर, तर बलबीर सिंग यांनी मेमरीच्या नियंत्रकावर काम केले. मेमरीचे नियंत्रण एप्रिल २००८ मधील २.६.२५ या आवृत्तीत आले.

गटाची कल्पना केवळ लिनक्सची नाही. विंडोज २००० मध्येही ‘जॉब ऑब्जेक्ट’ या नावाने अनेक प्रोसेस एकत्र बांधून त्यांवर मर्यादा घालण्याची सोय होती. लिनक्सची रचना मात्र सर्व्हरच्या जगात सर्वाधिक पसरली.

रचना कशी आहे?

सीग्रुपची मांडणी संगणकावरील फोल्डरांसारखी आहे. ठरावीक ठिकाणी एक फोल्डर निर्माण केला की एक गट तयार होतो; त्याच्या आत दुसरा केला की उपगट. फोल्डरातील एका फायलीत प्रोसेसचा क्रमांक लिहिला की ती प्रोसेस त्या गटाची सभासद होते. मर्यादाही अशाच फायलींत आकडे लिहून घातल्या जातात.

दोन नियमांमुळे या साध्या रचनेला बळ येते. पहिला : नवी प्रोसेस जन्मते ती आपल्या जनकाच्या गटातच. त्यामुळे अपत्ये वाढवून मर्यादेतून निसटता येत नाही. दुसरा : उपगटाला स्वतःच्या मर्यादेबरोबरच वरच्या सर्व गटांच्या मर्यादाही लागू होतात. विभागाला दहा गिगाबाइट मेमरी मिळाली असेल, तर त्याखालील शाखांनी आपापल्या नावावर कितीही लिहून घेतले, तरी त्यांचा एकूण वापर दहाच्या पुढे जात नाही.

प्रत्येक साधनासाठी स्वतंत्र नियंत्रक असतो. प्रोसेसरचा वेळ, मेमरी, डिस्कवरील वाचन-लेखन, प्रोसेसची संख्या आणि कोणत्या प्रोसेसरवर काम चालावे याची निवड, हे त्यांतील प्रमुख.

वाटा, कमाल मर्यादा आणि राखीव हिस्सा

नियंत्रणाचे मुख्य प्रकार तीन. पहिला प्रकार वजनाचा. प्रत्येक गटाला १ ते १०,००० यांमधील वजन देता येते. काहीच सांगितले नाही तर ते १०० असते. शंभर आणि तीनशे वजनाचे दोन गट प्रोसेसरसाठी झगडत असतील, तर त्यांना वेळ एकास तीन या प्रमाणात मिळतो. झगडा नसेल तेव्हा वजनाला अर्थ नसतो. एक गट निवांत असेल तर दुसरा सारा प्रोसेसर वापरू शकतो. पडून असलेली शक्ती वाया जात नाही, हा या पद्धतीचा गुण.

दुसरा प्रकार कमाल मर्यादेचा. ‘दर १०० मिलिसेकंदांत ५० मिलिसेकंद’ असे बंधन घातले, तर यंत्र रिकामे असले तरी गटाला त्याहून अधिक वेळ मिळत नाही. येथे एक खाच आहे. त्या गटाचे काम चार प्रोसेसरांवर एकदम चालू असेल, तर ५० मिलिसेकंदांचा साठा साडेबारा मिलिसेकंदांतच संपतो आणि उरलेले साडेसत्त्याऐंशी मिलिसेकंद सारा गट थांबून राहतो. सरासरी वापर कमी दिसत असूनही सेवा मध्येच अडखळते, त्याचे कारण अनेकदा हे असते.

तिसरा प्रकार राखीव हिस्स्याचा. एखाद्या गटाची ठरावीक मेमरी इतरांसाठी काढून घेऊ नये, असे कर्नलला सांगता येते.

वेळ आणि मेमरी यांच्या स्वभावातील फरकही ध्यानात घ्यावा लागतो. प्रोसेसरचा वेळ संपला तर काम पुढच्या फेरीपर्यंत थांबते. उशीर होतो, पण काम जिवंत राहते. मेमरीला अशी सवड नसते. गट मेमरीच्या मर्यादेला भिडला की कर्नल आधी त्याच्या ताब्यातील मोकळी करता येण्याजोगी पाने परत घेण्याचा प्रयत्न करते. तेवढ्याने भागले नाही, तर त्या गटातील प्रोसेस निवडून ती बंद पाडली जाते. ही शिक्षा गटाबाहेरच्यांना होत नाही, हाच सीग्रुपचा लाभ. कडेलोटाच्या आधीच गटाची गती मंदावणारी सौम्य मर्यादाही दुसऱ्या आवृत्तीत उपलब्ध आहे.

प्रोसेसच्या संख्येवर मर्यादा घालणारा नियंत्रक २०१५ मध्ये कर्नलच्या ४.३ या आवृत्तीत आला. स्वतःच्या प्रती अखंड काढत राहून यंत्र बंद पाडणाऱ्या ‘फोर्क बॉम्ब’ला त्यामुळे गटाच्या आतच अडवता येते.

कंटेनरांचे युग

मार्च २०१३ मध्ये डॉकर हे सॉफ्टवेअर आले आणि कंटेनर हा शब्द सर्वतोमुखी झाला. कंटेनर ही कर्नलमधील एकच वस्तू आहे असा समज आढळतो, तो बरोबर नाही. ती मुख्यतः दोन सोयींची जोडणी आहे. प्रोसेसला काय दिसावे हे ‘नेमस्पेस’ ठरवते. तिने किती वापरावे हे सीग्रुप ठरवतो. पहिलीमुळे प्रत्येक प्रोग्रॅमला आपण एकटेच यंत्रावर आहोत असे वाटते, दुसऱ्यामुळे त्याला शेजाऱ्यांचे भान ठेवणे भाग पडते. आठवड्याला दोन अब्जांहून अधिक कंटेनर आपण सुरू करतो, असे गुगलने २०१४ मध्ये जाहीर केले होते. त्याच वर्षी पुढे आलेली कुबरनेटिस ही कंटेनर-व्यवस्थापन प्रणाली मर्यादांची अंमलबजावणी सीग्रुपकडूनच करून घेते.

वैयक्तिक संगणकालाही याचा लाभ झाला. मार्च २०११ च्या २.६.३८ या आवृत्तीत माइक गॅलब्रेथ यांनी लिहिलेली ‘ऑटोग्रुप’ ही सोय आली. ती एकेका सत्रातील कामांचा आपोआप गट करते. एका खिडकीत मोठे काम चालू असले तरी दुसरीकडील चित्रपट अडखळू नये, हा तिचा हेतू. २०१० मध्ये आलेली ‘सिस्टिमडी’ ही प्रणाली प्रत्येक सेवेला स्वतंत्र गट देते. सेवा बंद करताना तिची मागे राहिलेली अपत्येही त्यामुळे नेमकी सापडतात. अँड्रॉइडमध्ये समोर उघडे असलेले ॲप आणि मागे चालणारी ॲप्स यांचे गट वेगळे असतात. २०२० च्या अँड्रॉइड ११ पासून वापरात नसलेली ॲप्स गोठवून ठेवण्याची सोयही याच रचनेवर उभी आहे.

दुसरी आवृत्ती

पहिल्या रचनेत प्रत्येक नियंत्रकाची गटांची उतरंड वेगळी ठेवता येत असे. एकच प्रोसेस मेमरीच्या हिशेबात एका गटात, तर डिस्कच्या हिशेबात दुसऱ्याच गटात असू शके. त्यातून घोटाळे होत. डिस्कवर लिहायचा मजकूर आधी मेमरीत साठतो आणि नंतर कर्नल तो सवडीने डिस्कवर उतरवते. हे लेखन कोणाच्या खात्यावर मांडायचे, हे दोन्ही नियंत्रकांचे गट जुळल्याशिवाय कळत नाही.

तेजुन हो यांच्या पुढाकाराने एकच सामाईक उतरंड असलेली दुसरी आवृत्ती तयार झाली. मार्च २०१६ मध्ये कर्नलच्या ४.५ या आवृत्तीत ती अधिकृत झाली. तिचा स्वीकार सावकाश झाला : फेडोरा ३१ ने २०१९ मध्ये ती मूळ पर्याय म्हणून घेतली, तर कुबरनेटिसमध्ये तिला २०२२ मधील १.२५ या आवृत्तीत पूर्ण मान्यता मिळाली. डिसेंबर २०१८ च्या ४.२० या आवृत्तीपासून, साधने अपुरी पडल्याने गटाची कामे किती वेळ खोळंबली, हेही मोजता येऊ लागले.

आकडा कोणी ठरवायचा?

मर्यादा घातली म्हणजे काम संपले असे नाही. प्रोग्रॅमला आपली मर्यादा ठाऊक नसेल तर तीच त्याच्या मुळावर येते. जावाचे उदाहरण बोलके आहे. जावाची यंत्रणा वेगळे काही सांगितले नसल्यास संगणकाच्या मेमरीच्या एक चतुर्थांशापर्यंत जागा स्वतःसाठी गृहीत धरते. ६४ गिगाबाइटच्या यंत्रावर तिला १६ गिगाबाइट आपले वाटत. प्रत्यक्षात गटाची मर्यादा दोनच गिगाबाइट असेल, तर प्रोग्रॅम निर्धास्तपणे वाढत जाई आणि कर्नल तो बंद पाडी. २०१८ मध्ये जावा १० ने, आणि त्याच वर्षी जावा ८ च्या सुधारित आवृत्तीने, गटाची मर्यादा वाचण्यास सुरुवात केली.

कर्नलचा हिशेबही निर्दोष असतोच असे नाही. अनेक प्रोसेसर असलेल्या यंत्रांवर, वाट्याचा वेळ पूर्ण न वापरताच काही गट थांबवले जात असल्याचे आढळले. हा दोष २०१९ च्या ५.४ या आवृत्तीत दूर करण्यात आला.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. गट कोणते करायचे आणि कोणाला किती द्यायचे, हे कर्नल ठरवीत नाही. ते यंत्र चालवणारा माणूस ठरवतो. आकडा फार मोठा ठेवला तर शेजारी उपाशी राहतात, फार लहान ठेवला तर ऐन गर्दीच्या वेळी आपलीच सेवा कोलमडते. त्यामुळे वापर आधी काही काळ मोजावा, गर्दीच्या वेळचा उच्चांक पाहावा आणि मगच मर्यादा लिहावी, हा सीग्रुपच्या वापराचा पहिला धडा ठरतो. लिहिलेल्या आकड्याची अंमलबजावणी कर्नल करील. तो आकडा योग्य आहे की नाही, हे त्याला कळत नाही.