जंतू गेले, बोटे राहिली

कुष्ठरोगाचा इतिहास औषधांच्या क्रमाने लिहिला, तर तो निव्वळ विजयाचा दिसतो. 1873 साली हान्सेनने जंतू शोधला, 1940च्या दशकात डॅप्सोन आले, 1980च्या दशकात बहुविध औषधोपचार. पण औषध जंतू मारते, मेलेली नस जिवंत करत नाही. बधिर तळवा, वाकलेली बोटे, पुन्हापुन्हा चिघळणारा पाय जन्मभर सोबत राहतो. आणि समाज डॉक्टरचा कागद वाचत नाही, हात बघतो. कायद्यानेही तेच केले. निराधार कुष्ठरुग्णांना पकडून आश्रमात डांबू देणारा 1898चा कायदा रद्द व्हायला 2016 उजाडले. हिंदू विवाह कायद्यात हा रोग घटस्फोटाचे कारण म्हणून 2019 पर्यंत टिकला.

म्हणूनच बरे होणे आणि माणसांत परतणे ही दोन वेगळी कामे होती. दुसरे काम कसे झाले, ते वरोऱ्याजवळच्या आनंदवनात दिसते. 1951 साली खडकाळ रानात बाबा आमट्यांसोबत रुग्णांनी विहीर खणली, भाजी पिकवली. ती घ्यायला गाव आधी तयार नव्हते. हळूहळू घेऊ लागले. 1964 साली तिथे महाविद्यालय निघाले आणि वरोऱ्याची मुले शिकायला रुग्णांच्या वसाहतीत येऊ लागली. दयेने जे साधले नसते, ते गरजेने साधले. दान घेणारा कायम खालच्या पायरीवर असतो, विकणाऱ्याशी मात्र भाव करावा लागतो.

यावर आक्षेप येतो की वेगळी वसाहत म्हणजे बहिष्काराला दिलेली मान्यताच. खरा मार्ग सेवाग्रामचा, जिथे गांधीजींनी कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींना आश्रमात ठेवून स्वतः मालिश केले. उदाहरण थोर आहे. पण शास्त्रीबुवांपाशी संस्कृत विद्या होती आणि यजमान गांधी होते. घरातून हाकललेल्या शेतमजुरापाशी यांतले काहीच नव्हते. त्याला आधी पाय टेकायला जमीन हवी होती. दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. श्रमाने प्रतिष्ठा मिळते म्हटले, तर ज्याची बोटे अवजार धरूच शकत नाहीत त्याचे काय? आनंदवनाने अशांनाही सांभाळले, हे खरे. पण गावाने भाजी घेतली ती पिकवणाऱ्यांची. खाटेवरच्या माणसाला बाजार काही देऊ शकत नव्हता. त्याच्या वाट्याला आलेला मान सोबत्यांनी दिलेला होता, वरोऱ्याने नव्हे.