मुमताज महल: राणीच्या नावाची घोडी

मनमाडहून भुसावळमार्गे खांडव्याकडे जाणारी गाडी वाटेत बऱ्हाणपूरला थांबते. शाहजहानची बेगम मुमताज महल १६३१ साली याच गावी निवर्तली. पुढे जवळजवळ तीन शतकांनी तिचे नाव इंग्लंडच्या शर्यतींत गाजले, ते एका राखी रंगाच्या थरोब्रेड घोडीमुळे.

तिचे मालक होते तिसरे आगाखान. जन्म कराचीचा, बालपण मुंबईतले. पुण्यातील आगाखान पॅलेस त्यांनीच १८९२ साली बांधविला. घोड्यांचा शौक घराण्यात आजोबांपासूनचा. १९२२ साली डॉनकास्टरच्या लिलावात जॉर्ज लॅम्ब्टन यांनी त्यांच्यासाठी एक वर्षाचे हे शिंगरू ९,१०० गिनींना घेतले.

पित्याचे नाव द टेट्रार्क. १९१३ साली सात शर्यती धावून सातही जिंकलेला, अंगावर पांढरे ठिपके असलेला अजब घोडा. आई लेडी जोझेफिन ही सनरिज या नामांकित वेगवान घोड्याची मुलगी. म्हणजे वेग दोन्हीकडून आला. दम कोठून येणार, हा प्रश्न मात्र होता.

१९२३ साली, दोन वर्षांची असताना, तिने सहापैकी पाच शर्यती जिंकल्या. ॲस्कॉटची क्वीन मेरी स्टेक्स तर दहा लेंथच्या अंतराने! लोक तिला ‘उडती घोडी’ म्हणू लागले. एकमेव हार केम्प्टनच्या चिखलात, तीही अर्ध्या लेंथने.

पुढल्या वर्षी मात्र एक मैलाच्या वन थाउजंड गिनीज शर्यतीत आघाडीवर असलेली मुमताज महल शेवटी थकली आणि प्लॅक पुढे निघून गेली. ॲस्कॉटच्या मैलभराच्या कोरोनेशन स्टेक्समध्ये ती पहिल्या तिघांतही नव्हती. मग तिला पुन्हा छोट्या अंतरावर आणले. गुडवुडची किंग जॉर्ज स्टेक्स आणि यॉर्कची नन्थॉर्प स्टेक्स जिंकून ती निवृत्त झाली. एकूण दहा शर्यती, सात विजय.

दोष पित्याचा म्हणावा, तर त्याच १९२४ साली, त्याच मालकाच्या, टेट्रार्कच्याच सॅमन-ट्राउट या मुलाने पावणेदोन मैलांहून लांब असलेली सेंट लेजर जिंकली. तेव्हा आईच्या रक्ताकडे बोट दाखविणे सोपे होते.

आगाखानांनी तिच्यासाठी दमदार जोडीदार निवडले. गेन्सबरोपासून झालेली मुलगी मह महल; तिचा मुलगा महमूद. त्याने १९३६ साली एप्सम डर्बीचे दीड मैल २ मिनिटे ३३.८ सेकंदांत कापले. हा विक्रम १९९५ पर्यंत टिकला. मैलभर न टिकलेल्या घोडीचा हा नातू!

दुसरी मुलगी मुमताज बेगम, पिता ब्लेनहाइम. तिचा मुलगा नसरुल्ला अमेरिकेत गेला, आणि त्याचा नातू म्हणजे १९७३ चा ट्रिपल क्राउन विजेता सेक्रेटेरिएट. मुमताज बेगमच्याच मुलीकडून रॉयल चार्जर झाला. जपानी घोडदौडीचा चेहरामोहरा बदलणारा संडे सायलेन्स त्याच्या वंशातला. वंशावळीत आपण सहसा पित्याचीच रेघ वाचतो. येथे ती सवय सोडावी लागते.

वन थाउजंड गिनीजचे काय झाले? मह महलची पणती पेटीट एत्वाल हिने ती १९५९ साली जिंकली आणि पाठोपाठ दीड मैलाची ओक्सही. आगाखान १९५७ मध्ये वारले होते. घोडी त्यांचे पुत्र अली खान यांची होती. रंग पणजीच्या आईचाच, राखी.