दार आपणच उघडलं होतं

२००४ साल, आमचं इगतपुरीचं घर. बाहेर धो धो पाऊस आणि कॉम्प्युटरवर एकामागून एक उघडणाऱ्या जाहिराती. दुरुस्तीवाल्याचं एकच औषध, "फॉरमॅट मारू." जाहिराती गेल्या, पण ताईच्या लग्नाचे फोटोही गेले.

त्याआधी आपल्याला व्हायरस माहीत होते. ते फ्लॉपीतून चोरासारखे शिरायचे. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेल्या कैलास काटकरांकडे असे कॉम्प्युटर यायचे. धाकटे भाऊ संजय यांनी त्यावर प्रोग्रॅम लिहिले, त्यातूनच क्विक हील उभं राहिलं.

स्पायवेअर मात्र पाहुणा बनून आलं. फुकटात गाणी उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरसोबत यायचं, आणि 'आय अ‍ॅग्री' आपणच दाबायचो. ते हुडकायला अ‍ॅड-अवेअर, स्पायबॉट ही मोफत साधनं आली. ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ मुळे इंटरनेट एक्सप्लोररही पॉप-अप अडवू लागला.

म्हणजे उपाय होता. आधी फोटो सीडीवर घ्यायचे, कंट्रोल पॅनलमधून अनोळखी प्रोग्रॅम काढायचे, मग स्कॅन. फॉरमॅट अगदी शेवटी. हा क्रम आजही तोच आहे. फक्त सीडीच्या जागी पेनड्राइव्ह आला. आणि हो, 'यस' दाबण्याआधी वाचा!