आपादिका आणि पोसिका : पालि वाङ्मयातील शिशुसंगोपनाचा विचार

बौद्ध धम्म हा गृहत्यागाचा मार्ग असल्यामुळे पाळण्यातील बाळाविषयी त्याला काही सांगावयाचे नाही, असा एक समज अभ्यासकांतही आढळतो. पालि तिपिटकाचे बारकाईने वाचन केले असता हा समज टिकत नाही. उलट, बालकाला जन्म देणे आणि बालकाला वाढवणे या दोन गोष्टींत तिपिटकाने जो विवेक केला आहे, तो आम्हांस अत्यंत महत्त्वाचा वाटतो.

प्रथम महाप्रजापती गोतमीचे उदाहरण घेऊ. सिद्धार्थाच्या जन्मानंतर सातव्या दिवशी महामाया निवर्तली आणि बालकाचा सांभाळ मावशीने केला. स्वतःचा पुत्र नंद दायांच्या हाती सोपवून तिने सिद्धार्थास आपले दूध पाजले, असे अट्ठकथा सांगते. पुढे स्त्रियांना संघप्रवेश मिळावा म्हणून आनंदाने वेसाली येथे तथागतांपाशी रदबदली केली. तिचा वृत्तान्त विनयपिटकाच्या चुल्लवग्गात आहे. स्त्रिया अर्हत्पदापर्यंत पोहोचू शकतात, हे त्याने प्रथम तथागतांकडून वदवून घेतले. त्यानंतर त्याने गोतमीचे ऋण पुढे ठेवले. तिच्यासाठी तेथे ‘आपादिका’, ‘पोसिका’ आणि ‘खीरस्स दायिका’ अशी विशेषणे येतात. म्हणजे सांभाळणारी, पोसणारी, दूध देणारी. भिक्षुणी संघाच्या स्थापनेच्या युक्तिवादात अंगावर पाजलेल्या दुधाचा दाखला दिला जावा, ही गोष्ट जगाच्या धर्मेतिहासात विरळाच म्हटली पाहिजे.

जीवकाची कथा याच दिशेने जाते. महावग्गानुसार राजगृहाच्या सालवती गणिकेचे हे मूल सुपात घालून उकिरड्यावर टाकले गेले. राजकुमार अभयाने ते पाहिले, ते जिवंत असल्याची खात्री करून घेतली आणि दायांकरवी त्याचे पालनपोषण केले. कुमाराने पोसलेला म्हणून तो ‘कोमारभच्च’. तोच पुढे तथागतांचा व भिक्षुसंघाचा वैद्य झाला. त्याचे कूळ कोणते, हे कथा विचारीत नाही. त्याला कोणी पोसले, एवढेच ती त्याच्या नावात जपून ठेवते. जन्मावरून माणसाची किंमत ठरविणाऱ्या समाजात या नावाचा अर्थ फार मोठा होता.

शिशूच्या वाढीचे वर्णन मज्झिमनिकायातील महातण्हासंखयसुत्तात येते. माता नऊ-दहा महिने मोठ्या चिंतेने गर्भ वाहते आणि प्रसूतीनंतर त्यास स्वतःच्या रक्ताने पोसते. आर्यांच्या विनयात मातेच्या दुधालाच रक्त म्हणतात, असा खुलासा तेथेच केला आहे. पहिले सहा महिने केवळ मातेचे दूध द्यावे, असे आजचे आरोग्यशास्त्र सांगते. त्या दुधाचे मोल या सुत्ताने एका शब्दात व्यक्त केले आहे. दुधानंतर सुत्त खेळाकडे वळते. लहानगा नांगर, विटीदांडू, कोलांट्या, भिरभिरे, पानांची मापे, छोटा गाडा, धनुष्य ही यादी वाचताना आपल्याच गावाचे अंगण डोळ्यांपुढे उभे राहते. शरीराला दूध आणि मनाला खेळ, अशी ही दुहेरी जाण आहे.

अंगुत्तरनिकायाच्या पंचकनिपातात याहून सूक्ष्म दृष्टान्त आहे. उताणे निजणाऱ्या तान्ह्या बाळाने दाईच्या प्रमादामुळे काडी किंवा खडा तोंडात घातला, तर ती तत्काळ धावते. तो सहज निघत नसेल, तर डाव्या हाताने डोके धरून उजव्या हाताचे बोट वाकवून ती तो काढते, रक्त आले तरी. हे ती करुणेपोटी करते. परंतु मूल मोठे होऊन समजू लागले की तीच दाई निश्चिंत होते, कारण आता ते स्वतःला जपू शकते. येथील ‘प्रमाद’ हा शब्द वाचकांनी ध्यानात घ्यावा. ज्या अप्रमादाचा उपदेश तथागतांनी महापरिनिर्वाणसमयी केला, तो बालकाच्या बाबतीत आधी सांभाळणाऱ्याकडे असावा लागतो. कोणीतरी आपल्यासाठी जागे आहे, ही खात्री ज्याला मिळाली, तोच पुढे स्वतः जागा राहावयास शिकतो. सुरक्षितता आणि स्वावलंबन यांत विरोध नाही, असे हा दृष्टान्त सांगतो.

हा विचार ग्रंथात राहिला नाही. बाबासाहेबांना बालवयातच मातृवियोग झाला व आत्या मीराबाईंनी त्यांना वाढविले. माता रमाईंच्या पाच अपत्यांपैकी चार बालपणीच गेली. त्यांतील राजरत्न जुलै १९२६ मध्ये गेला. दोनच वर्षांनी, जुलै १९२८ मध्ये, मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभ विधेयकास पाठिंबा देताना बाबासाहेबांनी प्रसूतीपूर्वी व प्रसूतीनंतर मातेस विश्रांती मिळणे राष्ट्रहिताचे आहे, अशी भूमिका मांडली. हा भार मुख्यतः शासनाचा आहे, परंतु स्त्रीच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकानेही तो उचलला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तसा कायदा झाला. पुढे मजूरमंत्री असताना १९४३ मध्ये त्यांनी खाणकामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभ कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. अभयाच्या दायांनी एका बालकासाठी जे केले, ते सर्व बालकांसाठी व्हावे म्हणून त्यास कायद्याचे रूप देण्याचा हा प्रयत्न होता, असे आम्ही मानतो.

२०१७ च्या दुरुस्तीने पगारी प्रसूतिरजा सव्वीस आठवड्यांची झाली. तथापि शेतमजुरी, वीटभट्टी, ऊसतोडणी व घरकाम करणाऱ्या आपल्या असंख्य भगिनींपर्यंत ती पोहोचलेली नाही. नामकरणविधीत आपण त्रिसरण-पंचशील घेतो, मंगलसुत्ताचे पठण करतो. त्या सुत्तात पुत्र व पत्नी यांचा सांभाळ हे उत्तम मंगल म्हटले आहे. पठणानंतर बाळंतिणीस विश्रांती, पुरेसा आहार आणि बाळास कुशीची ऊब मिळते किंवा नाही, मुलगी झाली तरी ती तितकीच मिळते किंवा नाही, हे पाहणे कुटुंबातील पुरुषांचेही कर्तव्य आहे. दूध मातेचे असले तरी अप्रमाद सर्वांचा असावा लागतो.