कापलेला फोटो पुन्हा कापताना

आजचा भाग माझ्याच एका चुकीवर आहे.

दिवसा मी कोड लिहितो, रात्री जुन्या फोटोंचे कोलाज करतो. कॉपीराइट संपलेला फोटो डिजिटल संग्रहातून घ्यायचा, फोनवर त्यातला माणूस कापायचा आणि भलत्याच ठिकाणी चिकटवायचा. मजा येते!

मागच्या महिन्यात हाती लागलं विल्यम जॉन्सनचं पुस्तक. हा मुंबईतला इंग्रज फोटोग्राफर, १८५४ साली स्थापन झालेल्या बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या जातीजमातींवरचं त्याचं पुस्तक लंडनहून दोन भागांत निघालं. पहिला भाग १८६३ साली, गुजरात, कच्छ आणि काठियावाडवर. दुसरा १८६६ साली, महाराष्ट्रावर.

त्यातली एक नऊवारीतली बाई मी कापायला घेतली. झूम केलं तर तिच्याभोवती एक कडा दिसली, धारदार. मागचं दृश्य आणि ती, दोघांवरचा उजेडही जुळेना. मला वाटलं, अ‍ॅप गंडलंय. पण मग थोडं वाचलं आणि कळलं, अ‍ॅपचा काही दोष नाही. ती आधीच कापलेली होती!

जॉन्सन माणसांचे फोटो एकीकडे काढायचा आणि मग ते मुंबईतल्या इमारतींच्या, निसर्गाच्या दुसऱ्याच फोटोंवर बसवायचा. म्हणजे आपण ज्याला लेयर म्हणतो तेच, फक्त काचेच्या निगेटिव्हच्या जमान्यात. बघणाऱ्याला वाटावं, ही माणसं इथेच, अशीच उभी असतात. आणि फोटोखाली काय, तर जातीचं किंवा समाजाचं नाव. माणसाचं नाही.

हे कळूनही मी थांबलो नाही, हीच ती चूक. त्या बाईला लोकलच्या दारात लटकवलं, वर एक विनोदी ओळ टाकली आणि घरच्या ग्रुपवर पाठवलं. सगळ्यांनी हसण्याचे इमोजी टाकले. आजीचा मात्र फोन आला. म्हणाली, "छान आहे रे. पण ती कोण? नाव काय तिचं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. जॉन्सनने तिला नमुना केलं, मी विनोद केलं. दीडशे वर्षांत फरक पडला तो फक्त सॉफ्टवेअरचा.

कोलाज मी सोडलेलं नाही. पण ते चित्र नव्याने केलं. विनोद काढला आणि कापल्याची कडा मुद्दाम तशीच ठेवली, म्हणजे हा जोडलेला फोटो आहे हे बघणाऱ्याला कळावं. खाली लिहिलं: मूळ पुस्तक, साल, आणि 'हिचं नाव नोंदवलेलं नाही'. लाइक्स कमी आले. चालायचंच.

तुमच्या घरीही जुना अल्बम असेलच. स्कॅन करायच्या आधी आजी-आजोबांना शेजारी बसवा आणि प्रत्येक फोटोमागे पेन्सिलीने नावं लिहून घ्या. कापाकापी काय, नंतरही करता येते.

चला, भेटू पुढच्या भागात!